घरं ठरल्याशिवाय वीण घेऊ नये: कुत्र्यांच्या छोट्या जातींच्या नव्या ब्रीडरांसाठी चर्चा

गिरणाथडी

पग, शिट्झू, ल्हासा, पॉम (पोमेरेनियन), डॅशंड यांची पैदास नव्याने सुरू करणाऱ्याने मेटिंगच्या आधी निदान तीन पक्की घरं हाताशी ठेवावीत. नसतील तर मादीचा तो माज (गाभण राहू शकते तो काळ) सोडून द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब मांडून बघा. मेटिंगपासून साधारण 63 दिवसांनी मादी विते, पुढे पिल्लू देण्याजोगं व्हायला 10 आठवडे. म्हणजे घर शोधायला जवळजवळ साडेचार महिने मिळतात. पण शोध सुरू होतो पिल्लांचे डोळे उघडल्यावर, स्टेटसला फोटो टाकून. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लांचं खाणं वाढतं, घाण वाढते, घरचे कुरकुरायला लागतात, आणि मग पहिला जो पैसे घेऊन दारात उभा राहील त्याच्या हाती पिल्लू जातं.

आपल्याकडे महिनाही बघावा लागतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मेटिंग झालं तर पिल्लं नव्या घरी जातात मार्चअखेर ते मेअखेर. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे 44-45 अंश. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, आणि पग-शिट्झूच्या आखूड नाकाला नेमकं तेच जमत नाही. नव्या मालकाला खेळून लागलेली धाप आणि उष्माघाताची धाप यातला फरक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जुलै ते सप्टेंबरचं मेटिंग धरा, पिल्लं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जातील. बहुतेक वेळा दिवाळीचे फटाकेही मागे पडलेले असतात.

बोरीकाठ

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पन व्यवहार वेगळा आहे. मादी आपल्या कॅलेंडरने माजावर येत नाही. साधारण सहा-सात महिन्यांनी येते, कधी आठवरही जाते. डिसेंबरचा माज सोडला तर पुढचा जून-जुलै किंवा थेट ऑगस्ट. 2017 च्या केंद्राच्या कुत्रा पैदास नियमांनी मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय वीण नाही, आणि वर्षातून एकच. त्यात तुम्ही ऋतूही बांधून दिलात तर नव्या माणसाने सुरुवात करायची कधी?

शिवाय तीन घरं ‘पक्की’ म्हणजे काय? साडेचार महिने आधी ‘हो, घेतो’ म्हणणाऱ्याला काही बांधून ठेवता येत नाही. मुलीची परीक्षा निघते, घरमालक नाही म्हणतो, कुणाला जवळच्या गावात दुसरं पिल्लू आजच मिळतं. तीन नावांतलं एक टिकलं तरी नशीब. घर आधी शोधा म्हणणं सोपं आहे, ते टिकवायचं कसं ते सांगा.

गिरणाथडी

इसाराने टिकवायचं. मेटिंगच्या वेळी काही घेऊ नका, फक्त यादी करा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांनी मादीची सोनोग्राफी करून गाभण असल्याचं सांगितलं की यादीतल्यांना फोन करा. पिल्लं तीन आठवड्यांची झाली, चालायला लागली, की घरी बोलवा आणि तेव्हा इसार घ्या, पावती लिहून. पिल्लू मेलं किंवा डॉक्टरांनी दोष काढला तर इसार परत, गिऱ्हाईकाचं मन बदललं तर नाही. हे पावतीवरच लिहा. तीन नावांतली दोन गळणार हे तुमचं बरोबर आहे, म्हणून यादी पिल्लांच्या तिप्पट ठेवायची.

सातपुडा पायथा

मला नव्या ब्रीडरांची घरं पारखण्याची पद्धत जास्त खटकते. ते सरसकट विचारतात, ‘फ्लॅट आहे का, एसी आहे का, आधी कुत्रा पाळलाय का?’ या तीन प्रश्नांत खेड्यातलं प्रत्येक घर नापास होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, पिल्लू सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाल्कनीत, हे घर मात्र पास होतं!

विचारायचं असेल तर हे विचारा: दुपारी बारा ते चार घरात कोण असतं? लाईट गेली की पिल्लू कुठे बसवाल? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नसराईत सगळे गावाला गेले की सांभाळणार कोण? पहिल्या प्रश्नाला खेड्यातलं घर फार चांगलं उत्तर देतं. आजी दिवसभर घरात असते, जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर दुपारी सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीपेक्षा गार असतं.

बोरीकाठ

ताई, आजीचं पटलं. पण त्याच घराच्या अंगणात कपाशीच्या फवारणीचा पंप आणि डबे उघडे पडलेले असतात, कोठीत उंदराचं औषध असतं. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या कडेला रात्री बिबट्याची भीती वेगळीच. तीन-चार किलोचं कुत्रं त्याला घासभरही नाही. आणि धाब्यावर चढायचा जिना किंवा शिडी कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. डॅशंडची पाठ लांब, पाय आखूड. रोज जिन्यावरून उड्या मारल्या की मणक्यातली गादी सरकून मागचे पाय जाऊ शकतात.

सातपुडा पायथा

म्हणून खेड्यात द्यायचंच नाही असं होत नाही. तिथे डॅशंड देऊ नका, पॉम द्या. रात्री घरात झोपवण्याची अट घाला. फवारणीचे डबे कुठे ठेवता ते स्वतः जाऊन बघा. घर बघायला जाण्यातच सगळं कळतं. अंगणात आधीच साखळीला बांधलेला कुत्रा आहे का, त्याच्यासमोरचं पाण्याचं भांडं भरलेलं आहे की शेवाळलेलं, याच्याकडे बघा. मालक तोंडाने काय सांगतो यापेक्षा ते भांडं जास्त सांगतं.

आणि भाकरी-दूध घालू म्हणणाऱ्या घराला लगेच नापास करू नका. त्यांना काय घालायचं नाही ते सांगा: कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट. शेवभाजीचा रस्सा भाकरीवर घालून दिला की त्यात कांदा आणि लसूण दोन्ही आलं. भरीतही तसंच.

लस आधी

तुम्ही दोघं घरांबद्दल बोलताय, मला पिल्लू कोणत्या अवस्थेत घराबाहेर पडतं याची जास्त काळजी आहे. नियमाने आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही. लहान जातींना मी दहा म्हणेन, एकदम चिमुकलं असेल तर बारा.

कारण साखर. सातशे-आठशे ग्रॅमचं पॉमचं पिल्लू चार-पाच तास उपाशी राहिलं, त्यात प्रवास, त्यात आईपासून तुटलेलं, की रक्तातली साखर घसरते. समजा पिल्लू जळगावहून नंदुरबारला चाललंय, रस्त्याने साडेतीन-चार तास. टोपलीत ते गप्प पडून असतं आणि मालकाला वाटतं, शहाणं आहे, झोपलंय. उचललं तर मान लुळी पडते, हिरड्या फिक्या, चालवलं तर दारू प्यायल्यासारखं झुकतं, पुढे झटके. अशा वेळी मध किंवा घट्ट साखरपाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. घशात ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं. आणि सरळ डॉक्टर गाठायचा. हे टाळायला निघण्याआधी दोन तास पोटभर खाऊ घाला, वाटेत धुळ्याला थांबून थोडं द्या, आणि बारा आठवड्यांचं होईपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा खाणं, हे मालकाकडून वदवून घ्या.

लसीचंही तसंच. सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची 16 आठवडे झाल्यावर. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं असं नाही, हे मालकाला कार्डावर तारखा लिहून समजावा. ज्या घरात वर्षभरात पार्व्होने (उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूने) पिल्लू गेलंय तिथे लसी पूर्ण न झालेलं पिल्लू देऊच नका. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, शेणामातीचं अंगण धुता येत नाही.

बोरीकाठ

बारा आठवडे ठेवण्याला माझा विरोध आहे. पिल्लाचं माणसांशी, आवाजांशी ओळख करून घेण्याचं वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतच असतं. ते सगळं तुमच्या मागच्या खोलीत गेलं तर पुढे ते मिक्सरला घाबरतं, मुलांना चावतं. आणि चावरं कुत्रं हेच घरातून सगळ्यात आधी बाहेर काढलं जातं.

लस आधी

खरं आहे, आणि त्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. बारा आठवडे ठेवायचं तर रोज त्याला उचलून ओट्यावर बसवा, रस्त्यावरचे ट्रॅक्टर, बँड, कुकरची शिट्टी ऐकू दे. जमिनीवर मात्र सोडू नका. एवढं करायला वेळ नसेल तर दहा आठवड्यांत द्या.

पांझरा

ज्यावर कुणी बोललं नाही ते सांगते. घरं तुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रीडरने चुकीची जात सांगणं. आपल्याकडे पॉम म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं. दोन महिन्यांचं असताना दोन्ही पांढरी गुबगुबीत दिसतात. खरा पॉम मोठेपणी दोन ते साडेतीन किलोचा. स्पिट्झ पाच-सात किलोचा सहज होतो. गिऱ्हाईकाने मांडीवर बसणारं खेळणं म्हणून नेलं, वर्षभरात ते दुप्पट झालं आणि भुंकून शेजारी वैतागले, की ते नातेवाइकाच्या शेतावर जातं. स्पिट्झ वाईट नाही, आपल्या हवेत तर जास्त तगतो. पण स्पिट्झ म्हणूनच द्या, आणि आई-बाप दोघांचं वजन काट्यावर दाखवून द्या.

शिट्झू-ल्हासाला रोज कंगवा लागतो, सहा-आठ आठवड्यांनी केस कापावे लागतात. तालुक्याच्या गावात ते करणारा सहसा मिळत नाही. मालकाला घरी ट्रिमर चालवायला शिकवणार असाल तरच द्या, नाहीतर काखेत गाठी धरून कातडी सोलते.

आणि ‘जोडी मिळेल का’ विचारणाऱ्याला एकाच विणीतले भाऊ-बहीण कधीही देऊ नका. सहा-आठ महिन्यांत त्यांचीच पिल्लं त्या घरात होतील.

गावठी बरा

मुळात नव्या ब्रीडरांची गरजच काय? धुळ्या-जळगावच्या प्रत्येक गल्लीत गावठी पिल्लं आहेत. ती या उन्हाला सरावलेली आहेत, आखूड नाक नाही, केस कापायला नको. जे घर पगला चांगलं ते त्यांनाही चांगलं. प्रत्येक विकत घेतलेलं पिल्लू एका गावठी पिल्लाची जागा घेतं.

पांझरा

उन्हाचं तुमचं बरोबर आहे. पण जागा घेतं हे प्रत्येक वेळी खरं नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला तीन किलोचं कुत्रं झेपतं, पंधरा किलोचं नाही. त्यांना नाही म्हटलं तर ते कुत्राच पाळणार नाहीत. तरुण घर असेल, अंगण असेल, तर ब्रीडरनेच सांगावं की आधी गावठी पिल्लू बघून या.

बोरीकाठ

करारावर बोला. गिऱ्हाईक कागद बघितला की बिचकतं. आणि उद्या त्याने करार मोडला तर एका पिल्लासाठी कोर्टात कोण जाणार?

गिरणाथडी

कोर्टासाठी तो कागद नाहीच. सांभाळणं जमलं नाही तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं, म्हणून तो आहे. एकच पान, मराठीत. पिल्लू कधीही, कोणत्याही वयात नकोसं झालं तर दुसऱ्याला न देता परत आणायचं. महिन्याच्या आत आणलं तर अर्धे पैसे परत, नंतर पैसे नाहीत, पण कुत्रं नक्की घेतलं जाईल. पैदाशीला वापरायचं नसेल तर डॉक्टर सांगतील त्या वयात नसबंदी. आणि कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा 15 अंकी नंबर. चिप बसवून भागत नाही, ती मालकाच्या मोबाइलवर नोंदवली गेली का ते पिल्लू देतानाच तपासायचं.

परत घेण्याची अट खरी ब्रीडरला बांधते. चार पिल्लं दिली तर पुढची बारा-पंधरा वर्षं त्यातलं एखादं केव्हाही दारात येऊ शकतं, आणि त्याच्यासाठी एक मोकळा पिंजरा, एक गार कोपरा कायम ठेवावा लागतो. तो कोपरा ज्याच्याकडे नाही त्याने वीण घेऊ नये. ऋतूच्या बाबतीत बोरीकाठ यांचं थोडं मानतो. स्पिट्झ किंवा डॅशंडचा डिसेंबरचा माज घ्यायला हरकत नाही, पिल्लं पहाटे नाहीतर रात्री न्यायची अट घाला. पग आणि शिट्झूचा घेऊ नका.

बोरीकाठ

आणि पगची पिल्लं मेमध्ये तयार झालीच तर?

गिरणाथडी

तर मृगाचा पाऊस पडून हवा उतरेपर्यंत स्वतःकडे ठेवा. चार-पाच आठवड्यांचं खाणं आणि पुढची लस तुमच्या खिशातून, इसार दिलेल्या गिऱ्हाईकाकडून जादा मागू नका. दर रविवारी त्याला बोलवा, पिल्लू तासभर त्याच्या मांडीवर राहू दे.