घाव एप्रिलचा, फॉल्ट जुलैचा

जमिनीखालची विजेची केबल खोल पुरली की खोदताना जेसीबीने ती तुटायचा प्रश्न संपला, असं या चर्चेत कोणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) केबलसाठी मानकातली खोली ०.९ मीटर, आणि जेसीबीच्या बकेटला ती म्हणजे दोन घासांचं काम. शिवाय तुटलेली केबल निदान लगेच कळते. नुसती खरचटलेली जास्त घात करते. आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये फायबरवाल्यांनी खोदलं, केबलच्या बाहेरच्या आवरणाला बकेटचा दात लागला. लाइट काही गेली नाही, म्हणून माती लोटून मोकळे! जुलैत झड लागली, पाणी आत शिरलं अन् रात्री अडीचला अंधार. दुरुस्तीला खोदलं तेव्हा कुठे तो जुना घाव दिसला.

दुसरं म्हणजे आपली काळी माती, हिचा विषय इथे कोणी काढलाच नाही. मे महिन्यात ती वाळून भेगाळते, केबलपासून सुटते आणि उष्णता वाहून नेईनाशी होते. नेमका तेव्हाच कूलर-एसीचा लोड कळसाला. एक्सएलपीई (तारेवर खास प्लास्टिकचं इन्सुलेशन असलेल्या) केबलच्या तारेला सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंतचंच तापमान चालतं. पावसात तीच माती फुगते आणि जॉइंट, म्हणजे केबलचे दोन तुकडे जोडलेली जागा, ओढला जातो. म्हणून केबलभोवती वाळू, वर विटा किंवा फरशी, त्यावर इशारापट्टी, जॉइंटजवळ थोडी ढिली केबल हे सगळं हवंच. आणि चर बुजवल्यावर आवरणाची मेगर चाचणी (इन्सुलेशन शाबूत आहे का ते मीटरने तपासणं) पुन्हा घ्यायला लावा, ठेकेदार कितीही कुरकुरला तरी.