प्रति: हॅमर कोरल मिटलेलंच राहतं, मोठा वेव्हमेकर घेऊ का?

माझं मत विचाराल तर खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या हॅमरसाठी मोठा वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) घेऊ नका. हॅमर, टॉर्च या मांसल बोटांच्या कोरलवर (प्रवाळांवर) एकाच बाजूने थेट मारा बसला की मांसल भाग सांगाड्यावर घासून फाटतो. टाकीतल्या पाण्याच्या ताशी १०-२० पट प्रवाह त्यांना पुरतो. ३०-४० पट लागतो तो ॲक्रोपोरासारख्या टणक, फांद्यांच्या कोरलना. आहे तोच वेव्हमेकर समोरच्या काचेकडे वळवून बघा, पाणी आपटून विस्कटत परतेल. कोरलची बोटं डोलायला हवीत, एका अंगाला झोपायला नकोत.

आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा! पारा ४२ च्या वर जातो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून एक वेव्हमेकर वरच्या बाजूला तिरका ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहू दे. बाष्पीभवनाने संपमधली (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतली) पातळी झपाट्याने उतरते आणि पंप हवा ओढायला लागतो. रोज आरओचं गोडं पाणीच भरा, खारं नको, नाहीतर क्षारता वाढत जाते.

मागे मे महिन्यात रात्री लाईट गेली, पहाटेपर्यंत माझ्या टाकीतलं पाणी थांबलेलं. दोन मासे गेले, अजून हळहळ वाटते. तेव्हापासून एक डीसी वेव्हमेकर बॅटरीवर ठेवलाय. घरात इन्व्हर्टर असेल तर निदान तेवढा त्यावर घ्याच.