सुराच्या गेममध्ये माइक हवा की नको?

खर्ज

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना सूर शिकवणारा गेम करत असाल तर त्यात माइक ठेवू नका. मूल गातंय, फोन ऐकतोय, पडद्यावर शंभरपैकी गुण पडताहेत, हे दिसायला झकास. पण ते गुण बहुधा खोटे असतात.

आधी स्वरांच्या जागा बघा. बहुतेक गेम पेटीचे, म्हणजे समान अंतराचे बारा स्वर धरतात. त्यात शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट), धैवत ९०० वर. तंबोऱ्यात मिसळणारा गंधार मात्र ३८६ च्या आसपास आणि धैवत ८८४ च्या. चूक-बरोबरची मर्यादा १५ सेंट ठेवली, तर तंबोऱ्याशी अचूक जुळवणारं मूल गंधाराला काठावर पास आणि धैवताला नापास. मर्यादा ५० केली तर जवळचा कुठलाही सूर चालतो, मग शिकवलं काय?

दुसरं, फोनच्या स्पीकरवर तंबोरा चालू असेल तर माइकला तोच ऐकू जातो. मूल गप्प बसलं तरी गेम 'सा, शाब्बास!' म्हणतो.

त्याऐवजी ऐकण्याचा खेळ करा. मागे तंबोरा, एक स्वर वाजतो, मुलाने बोटाने सांगायचं: सा की प? दहापैकी आठ बरोबर आले की गंधार वाढवा, मग रे, मग ध. म्हणजे भूपाचे पाच स्वर झाले. मध्यम-निषाद बरेच नंतर. चुकल्यावर भोंगा नको. मुलाने निवडलेला स्वर आणि विचारलेला स्वर तंबोऱ्यावर एकामागून एक ऐकवा. आणि दर बैठकीला सा बदला, नाहीतर मूल स्वरांचं नातं न ओळखता त्या एका पट्टीतले आवाज पाठ करतं.

तीव्रमध्यम

साफ असहमत. गळ्यातून न काढलेला स्वर आला असं कसं म्हणणार? तुमच्या खेळातून उत्तम परीक्षक तयार होतील, गाणारे नाहीत.

तुम्ही सांगितलेल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सोडवता येतात. स्वरांच्या जागा हव्या तिथे ठेवा, कोष्टकात बारा आकडेच तर बदलायचे. तंबोरा झिरपतो त्यावर उपाय म्हणजे एका कानात वायरचा इयरफोन. तो नसेल तर तंबोरा दुसऱ्या फोनवर दोन मीटर लांब, आणि गेमचा फोन तोंडापासून वीसएक सेंटिमीटरवर. अंतर दहापट झालं की आवाज २० डेसिबलने उतरतो. खोलीच्या घुमण्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण काम भागतं.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती फार जणांना सापडत नाही. अँड्रॉइडवर माइक 'कॉल'च्या पद्धतीने उघडला की गोंगाट दाबणारी यंत्रणा चालू होते. तिच्या लेखी सलग एकसारखा आवाज म्हणजे पंखा किंवा फ्रीज. मुलाने सा लांबवला की दोनेक सेकंदांत तो विरत जातो आणि गेम म्हणतो 'आवाज तुटला'. अँड्रॉइड ७ पासून प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो, तो मागा. फोन देत नसेल तर आवाज-ओळखीसाठीचा स्रोत वापरा.

पुढचं गणित: सूर मोजायला सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने २,०४८ नमुन्यांची चौकट, म्हणजे ४६ मिलिसेकंदांचा तुकडा. सुराचा शोध १५० ते ७०० हर्ट्झमध्येच ठेवा. लहान मुलांच्या श्वासाळ आवाजात एक सप्तक वर-खाली उडी पडते, म्हणून सलग पाच मोजमापांतलं मधलं घ्या.

आणि गुण देऊच नका. तंबोऱ्याच्या सा ची एक आडवी रेघ, तिच्याभोवती मुलाच्या आवाजाची सरकती रेघ. वर आहोत की खाली, ते मुलाला आपोआप दिसतं.

पाटीपेन्सिल

रेघ दिसली की मूल ऐकणं सोडून रेघेकडे बघून गाईल. डोळे मिटून षड्ज लावायला सांगतात ते काय उगाच?

तीव्रमध्यम

@पाटीपेन्सिल, म्हणून रेघ उशिरा दाखवायची. आधी तीन सेकंद गाणं, पडदा कोरा. मग त्याच तीन सेकंदांची रेघ. गातानाच दाखवली तर तुम्ही म्हणता तेच होईल.

ठेकेदार

इथे सगळे सुरावरच अडलेत. माझ्या मते पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी गेमची सुरुवात तालापासून हवी, आणि तिथे माइकचा प्रश्नच येत नाही. पण बाजारातले बहुतेक तालाचे खेळ एका गोष्टीत सरसकट चुकतात: खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेऊन दाखवायची मात्रा.

सोळा मात्रांच्या तीनतालात टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. गेममध्ये सोळाही ठिपके सारखे, प्रत्येकावर टकटक केली की तारा. हे मात्रा मोजणं झालं, ताल नव्हे. टाळीला पडद्यावर थाप आणि खालीला बोट बाजूला सरकवणं, अशा दोन वेगळ्या कृती ठेवा. खालीला आवाज येता कामा नये. आणि 'सम (तालाची पहिली मात्रा) म्हणजे सगळ्यात जोरात' असं शिकवू नका. रूपक तालात समेवरच खाली असते, मग तिथे मूल गडबडतं.

दुसरी गोम फोनच्या स्पीकरची. तीनतालात दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, 'तिं तिं ता ता' मध्ये, डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) गप्प असतो. कानाला खाली कळते ती त्यामुळेच. पण छोटा स्पीकर खालचा आवाज जवळजवळ गाळूनच टाकतो, त्यामुळे 'धिं' आणि 'तिं' सारखेच ऐकू येतात. मग मुलाला खाली ओळखता येत नाही आणि दोष मुलाला. ध्वनिमुद्रणात डग्ग्याची घुमक २०० हर्ट्झच्या वर थोडी उचलून घ्या, किंवा खालीच्या फेरीला इयरफोन सक्तीचा करा. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकून पास केलेले बोल फोनवर हमखास फसतात.

खर्ज

@ठेकेदार, डग्ग्याचा मुद्दा एकदम पटला. पण बोटाने थाप म्हटली की उशिराचं काय? ब्लूटूथ इयरफोनमध्ये १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत मात्रा ७५० मिलिसेकंदांची. दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, उरतात ३७५. त्यातला निम्मा वेळ हवेतच गेला.

ठेकेदार

ठेका आधीच ठरलेला असतो, तेव्हा उशीर स्थिर असेल तर गुण मोजताना तेवढा वजा करता येतो. थापेतून निघणाऱ्या आवाजाला मात्र इलाज नाही: मुलाने थाप दिल्यावर 'धा' पाव सेकंदाने वाजला की त्याचा हात अडखळतो. म्हणून ब्लूटूथ जोडलेलं दिसलं की थापेचा आवाज बंद, नुसता प्रकाश.

उशीर मोजायला सोळा ठोके वाजवा, प्रत्येकावर थाप द्यायला सांगा, पहिले चार सोडून द्या, उरलेल्या बारांत ठोका आणि थाप यांतल्या फरकांचं मधलं मूल्य घ्या. माणसं ठोक्याच्या किंचित आधीच थाप देतात, तेही यात धरलं जातं. पाच वर्षांच्या मुलाच्या थापा फार विखुरलेल्या असतील तर मोजमाप पालकांच्या हाताने करा आणि मुलासाठी मर्यादा मागेपुढे १०० मिलिसेकंद तरी ठेवा.

पाटीपेन्सिल

माइक असो-नसो, एक विनंती. जिंकल्यावर वाजणारा तो 'टिंग टिंग' आधी बदला. मुलाचा सा काळी चारचा आणि टिंग पांढरी एकच्या पट्टीतला, म्हणजे पाच मिनिटं कानात बसवलेला षड्ज दोन सेकंदांत पुसला. बक्षिसाचे आवाज चालू सा वर बसवा, आणि तेही फक्त सा-प.

तीव्रमध्यम

हे मान्य. मात्र तंबोरा एकाच पट्टीत मुद्रित करून बाराही पट्ट्यांत ओढू नका. दोन-तीन स्वर सरकवला की जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, कृत्रिम वाटते. तीन-तीन पट्ट्यांच्या अंतराने चार मुद्रणं घ्या. प्रत्येक एक पट्टी वर आणि एक खाली सरकवलं की बारा पूर्ण होतात. जोड चार तारांचं आवर्तन संपतं तिथे द्या आणि अर्धा सेकंद एकमेकांत मिसळा, नाहीतर दर फेरीला 'टक्' ऐकू येतं.

बाकी गुणांशिवाय मुलं खेळत नाहीत, हा समज क्रोम म्युझिक लॅबने (गूगलचे ब्राउझरमधले संगीताचे खेळ) २०१६ पासून खोटा पाडलाय. तिथे गुण नाहीतच. त्यातल्या साँग मेकरमध्ये पाच स्वरांचं सप्तक निवडलं की सा रे ग प ध हाताशी येतात.

खर्ज

आणि तिथे मागे तंबोरा नाही, प्रत्येक स्वर एक चौकोन. चौकोनात मींड कशी बसवणार? ग वरून रे वर घसरत येणं त्या मुलाला कधी दिसणारच नाही. ऐकण्याच्या खेळात ते जमतं: 'स्वर सरकला की उडी मारून आला?' एवढंच विचारा. त्यालाही माइक लागत नाही.

तीव्रमध्यम

ओळखता आली म्हणजे घेता आली असं नाही. माझ्या उशिरा दिसणाऱ्या रेघेत मींड चक्क मींडेसारखी दिसते. माइक राहणार.