सेन्सर ‘ओल भरपूर’ म्हणतोय, झाडं मान टाकतायत – ठिबक ऑटोमेशनमध्ये चुकतंय कुठं?

शिवारफेरी
२ हेक्टर, भारी चिकण जमीन, टोमॅटो ऐन फळधारणेत. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) १.५ मीटरवर, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी २ लिटरचे. सारख्या आकाराचे सहा प्लॉट, प्रत्येकाला २४ व्होल्ट एसीचा सोलेनॉइड (विजेनं उघडणारा) व्हॉल्व्ह, सगळे एकाच कंट्रोलरवर. टायमरवर प्रत्येक प्लॉटला रोज ४५ मिनिटं पाणी जातं. मातीची ओल मोजणारा कपॅसिटन्स सेन्सर एकच आहे, ड्रिपरच्या बरोबर खाली, १० सेंमी खोल. तो ३७-३८ टक्क्यांवरून हलत नाही, तरी दुपारी झाडं मलूल होतात.

शिवाय शेवटचा व्हॉल्व्ह (३८० मीटर लांब, ०.७५ चौ. मिमी वायर) कधी उघडतो, कधी नाही. तीन नंबरचा बंद केल्यावरही धार सोडत राहतो. आता टायमर काढून सेन्सरवरच पंप चालू-बंद करावा असा विचार आहे. आणखी किती सेन्सर लागतील? की टायमरच बरा?

पाटकरी
सेन्सर खोटं बोलत नाहीये, फक्त भलत्या जागेबद्दल बोलतोय. ड्रिपरखालची १० सेंमीवरची माती ही शेतात सगळ्यात शेवटी वाळणारी जागा. बाकी मुळांचा पट्टा कोरडा पडला तरी तिथं ३८ टक्केच दिसणार.

आधी पाण्याचा हिशेब करा. तुमच्या मांडणीत २ भागिले (०.४ × १.५) म्हणजे ताशी ३.३३ मिमी पाणी पडतं. ४५ मिनिटांत झालं २.५ मिमी. गरज किती? एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत (१९९८) टोमॅटोचा मधल्या टप्प्यातला पीक गुणांक १.१५ दिलाय. दिवसाचा ईटीओ (संदर्भ गवताच्या रानातून हवेत उडून जाणारं पाणी) ५ मिमी धरला तर त्याला १.१५ नं गुणून ५.७५ मिमी, आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून साधारण ६.४ मिमी. म्हणजे प्रत्येक प्लॉटला १ तास ५५ मिनिटं. तुम्ही निम्म्याहून कमी देताय.

एक मात्र तपासा. दुपारी मान टाकणं हा ताणाचा पक्का पुरावा नाही, कडक उन्हात पाणी असूनही पानं लोंबतात. पहाटे बघा. तेव्हाही ताठ नसतील तर एकतर ताण आहे किंवा मुळं गुदमरतायत. १५ आणि ४० सेंमीवरची माती गिरमिटानं काढून मुठीत दाबली की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

सहा प्लॉट एकामागून एक चालवले तर साडेअकरा तास होतात. दोन-दोन एकत्र चालवायचे तर पंपानं ताशी २२,००० लिटर पुरेशा दाबानं द्यायला हवं.

वाफसा
सेन्सर किती, यापेक्षा कुठं आणि कसा बसवला याला जास्त महत्त्व. या जमिनीत एका जागी दोन पुरेत: एक १५ ते २० सेंमीवर, दुसरा ४० ते ४५ वर. ड्रिपरपासून १० ते १५ सेंमी बाजूला, जोमदारही नाही आणि मरतुकडंही नाही अशा झाडाजवळ. अशा दोन जागा केल्यात तर उत्तम. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं, खालचा सांगतो जास्त झालं का. प्रत्येक पाळीनंतर खालचा आकडा वर चढत असेल तर पाणी आणि खत दोन्ही मुळांखाली चाललंय.

बसवताना त्याच भोकातली माती चाळून, पाण्यात कालवून गाऱ्यासारखी भरा. सेन्सरभोवती हवेची पोकळी राहिली तर वाचन खूप कमी येतं. भारी जमीन भेगाळते तेव्हा तीच पोकळी पुन्हा तयार होते, म्हणून हंगामात एकदा उकरून बघावं. पहिल्या दोन-तीन पाळ्यांचे आकडे सोडून द्या.

कारखान्यातून आलेल्या टक्क्यांवर विसंबू नका. एकदा भरपूर पाणी द्या, वरून आच्छादन टाका आणि दोन-तीन दिवस आकडा बघा. उतरता उतरता जिथं तो स्थिरावतो तो तुमच्या जमिनीचा वाफसा (जास्तीचं पाणी निथळल्यावर उरलेली ओल). समजा ३८ आला आणि झाड कोमेजून मरण्याचा बिंदू २२ आहे, तर वापरण्याजोगी ओल १६ टक्के. टोमॅटो त्यातली ४० टक्के संपेपर्यंत तग धरतो, पण ठिबकवर तितकं थांबायचं कारण नाही. २० ते २५ टक्के संपली की, म्हणजे ३४-३५ ला पाणी सुरू.

दोन टोकांच्या साध्या रेझिस्टिव्ह सेन्सरच्या वाटेला जाऊ नका, सतत करंट दिला की टोकं काही आठवड्यांत गंजून जातात. टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोरानं धरून ठेवते ते मोजणारी नळी) भरवशाचा, पण ८० सेंटीबारच्या आसपास त्यात हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावं लागतं.

उलटा व्हॉल्व्ह
शेवटचा व्हॉल्व्ह वायरमुळे रुसलाय. ०.७५ ची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण २५ ओहम. जाऊन-येऊन ७६० मीटर म्हणजे १९ ओहम. उघडताना कॉइल ०.४ अँपिअर ओढत असेल तर ढोबळमानानं साडेसात व्होल्ट वाटेतच जातात, व्हॉल्व्हला पोचतात १६-१७. दीड चौरसच्या वायरवर ही घट पावणेचार व्होल्ट होते, अडीचवर सव्वादोन. दोन प्लॉट एकत्र चालवणार असाल तर कॉमन (सगळ्या व्हॉल्व्हच्या सामाईक) वायरमधून दुप्पट करंट जाईल, तेव्हा कॉमन तरी अडीचची टाका. जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्येच हवेत. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड जमिनीत गेला की हिरवा पडतो, आणि मग दोष कॉइलला लागतो.

तीन नंबरची वायर सोडवून बघा. तरी धार चालू असेल तर विजेचा काही संबंध नाही. हातानं उघडायचा ब्लीड स्क्रू ढिला राहिलाय का ते पहिल्यांदा बघा, बरेचदा तेवढंच असतं. नंतर झाकण काढून डायफ्रॅमखालचा खडा, पडद्याचा फाटका कोपरा, पायलटचं बारीक छिद्र आणि प्लंजरखालची घाण तपासा. व्हॉल्व्हवरचा बाणही बघून घ्या. आणि घाण पोचलीच कशी? डिस्क फिल्टर १३० मायक्रॉनचा असावा, आत-बाहेरच्या दाबातला फरक ०.५ बारनं वाढला की बॅकफ्लश (उलट्या पाण्यानं धुणं).

पंप चालू करताना आधी व्हॉल्व्ह, मग पंप. बंद करताना आधी पंप, मग व्हॉल्व्ह. प्लॉट बदलताना पुढचा उघडून १५-२० सेकंदांनी मागचा मिटवा, नाहीतर एक दिवस पाण्याच्या हातोड्यानं (अचानक अडलेल्या पाण्याच्या धक्क्यानं) मेनलाइनचा जोड उडेल.

पाटकरी
सेन्सरवरून थेट पंप चालवण्याबद्दल: करू नका. वायर तुटली की बरेच सेन्सर शून्य दाखवतात आणि कंट्रोलर बिचारा रात्रभर पाणी सोडत बसतो. मूळ वेळापत्रक ईटीओवरच राहू द्या. सेन्सरला फक्त पाळी टाळायचा किंवा २०-२५ टक्क्यांनी कमी-जास्त करायचा अधिकार द्या. वाचन १० च्या खाली किंवा ६० च्या वर गेलं तर ते रद्द आणि मोबाइलवर सूचना.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी आणखी सेन्सरऐवजी पल्स (ठरावीक पाणी गेलं की विजेचा एक ठोका) देणारा फ्लो मीटर घेईन. तुमच्या एका प्लॉटमध्ये सुमारे ५,५५० ड्रिपर, म्हणजे ताशी ११,१०० लिटर. मीटर १३,००० दाखवू लागला तर लॅटरल फुटलाय किंवा शेजारचा व्हॉल्व्ह गळतोय. ९,५०० वर आला तर ड्रिपर चोंदतायत किंवा दाब पडलाय. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना पल्स आली तर तुमचा तीन नंबर. मिनिटांऐवजी लिटरवर पाळी लावा: ६.४ मिमीसाठी प्लॉटला २१,३०० लिटर. मध्येच वीज गेली तरी कंट्रोलर राहिलेले लिटर पूर्ण करतो. कंट्रोलरची मोजणी वीज गेल्यावर पुसली जात नाही ना, तेवढं तपासून घ्या.

शिवारफेरी
वायर बदलण्याऐवजी शेवटच्या दोन व्हॉल्व्हना लोरा नोड (बॅटरीवरचं, लांबवर चालणारं बिनतारी यंत्र) लावला तर? आणि ठिबकमधून खत देताना या हिशेबात काय बदलतं?

उलटा व्हॉल्व्ह
चालेल, पण कॉइल बदलावी लागेल. बॅटरीच्या नोडला लॅचिंग सोलेनॉइड लागतो, तो फक्त उघडताना आणि मिटताना क्षणभर करंट घेतो. अडचण अशी की बॅटरी मेली तर तो आहे तसाच राहतो, उघडा असेल तर उघडाच. म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आधी व्हॉल्व्ह मिटवणारा नोड घ्या. अँटेना पिकाच्या वर असू द्या, हिरव्या दाट पानांत सिग्नल मरतो. लाल-काळी वायर उलटी जोडली तर ‘बंद’ म्हटल्यावर व्हॉल्व्ह उघडतो, माझं नाव त्यावरूनच.

वाफसा
खताला पाळीचा मधला भाग द्या. सुरुवातीला दाब स्थिर होईपर्यंत साधं पाणी, शेवटची २० मिनिटं पुन्हा साधं पाणी, लॅटरल धुऊन निघायला. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटवाली खतं एका टाकीत नकोत, साका होऊन ड्रिपर बंद पडतात. धुण्यासाठी ॲसिड आणि क्लोरीन दोन्ही वापरत असाल तर वेगवेगळ्या दिवशी. एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि डोसिंग पंप ऑटोमॅटिक असेल तेव्हा थांबवायला तिथं कुणी उभंही नसतं.