परदेशातले दहशतवादी गट: आधी खाती गोठवायची की आधी विमानं पाठवायची?

सारासार
माझं मत: आधी पैसा अडवा. सुरक्षा परिषदेच्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून (१९९९) उभ्या राहिलेल्या यादीत नाव गेलं की मालमत्ता गोठते, प्रवासबंदी लागते, शस्त्रपुरवठा बेकायदा ठरतो. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातले ६४८ गट तपासले. फुटून दुसरीकडे विरलेले सोडले, तर संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकारणात आले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांनी मोडले. सैन्याने संपवले फक्त ७ टक्के. तरी सरकारांना पहिली आठवण विमानांचीच होते.

रोखठोक
त्याच अहवालात असंही आहे की गट मोठा, शस्त्रसज्ज आणि बंडखोरीत उतरलेला असेल तर सैन्य जास्त उपयोगी पडतं. ते वाक्य सोयीने गळलं वाटतं!

शिवाय यादी बनते कशी? समितीत १५ सदस्य, निर्णय एकमताने. एकाने हात आडवा घातला की नाव लटकलं. मसूद अझहरसाठी भारताने २००९ मध्ये प्रस्ताव दिला, नाव चढलं १ मे २०१९ ला.

आणि ज्याच्या ताब्यात शहर आहे त्याचं कुठलं खातं गोठवणार? जून २०१४ मध्ये मोसुल घेतल्यावर आयसिस तेल विकत होती, व्यापाऱ्यांकडून कर उकळत होती, तोही रोखीत. ही वसुली जमीन हातची गेल्यावरच आटली: इराकमधलं मोसुल जुलै २०१७, सीरियातलं शेवटचं ठाणं बागूझ मार्च २०१९. वरून अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीची विमानं होती, पण गल्ल्या लढवल्या त्या इराकी सैन्याने आणि सीरियात कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या फौजेने. जमिनीवर असा भिडू नसेल तर नुसत्या बॉम्बफेकीच्या मी पण विरोधातच आहे.

सुक्याबरोबर ओलं
दोघेही सोमालिया विसरलात. अमेरिकेने २००८ मध्ये तिथल्या अल-शबाब या संघटनेला स्वतःच्या दहशतवादी यादीत टाकलं. तिच्या भागात धान्य नेताना नाक्यावर पैसे द्यावे लागले तर खटला होईल, या धास्तीने मदत आखडली. अल-शबाबने स्वतःही अनेक संस्था हाकलल्या, हे खरंच. २०११ च्या दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली.

मदतीला निर्बंधांतून सरसकट सूट देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव २६६४ आला डिसेंबर २०२२ मध्ये. तरी बँका 'नसती भानगड नको' म्हणून संस्थांची रक्कमच पुढे पाठवत नाहीत. त्यामुळे सूट निर्बंधांच्या मूळ आदेशातच हवी, आणि कुठला व्यवहार चालेल हे बँकेला लेखी कळवायला हवं.

सारासार
ते वाक्य गळलं, मान्य. मोसुलचा मुद्दाही मान्य. पण जमीन घेतल्यावर पैसा आपोआप आटतो, हे नाही पटत. अल-शबाबची कमाई तोडायला सोमालियाच्या लाकडी कोळशाच्या निर्यातीवर फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरक्षा परिषदेची बंदी आली, त्याच वर्षी किस्मायो बंदर अल-शबाबच्या हातून गेलं. निर्यात थांबली नाही. आतल्या रस्त्यांवरचे नाके तिचेच होते, वाटा तिला मिळत राहिला.

रोखठोक
मग बंदीनेही काय साधलं? कोळसा खोट्या मूळ-देश प्रमाणपत्रांवर आखातात उतरतच होता.

सारासार
म्हणूनच तपासणी उतरवणाऱ्या बंदरात हवी. प्रमाणपत्र ज्या देशाच्या नावावर आहे, त्याच्याकडे खातरजमा होईपर्यंत माल गोदीतून हलू द्यायचा नाही.