शब्दचर्चा: ‘रेणवीय संयुग’ की ‘सहसंयुज संयुग’?

खानापूरकर:
माझी नववीतली मुलगी मराठी माध्यमात शिकते आणि शेजारच्या मैत्रिणीची कन्नड टिपणेही वाचते. त्यांतले शब्द तसेच उतरवल्यामुळे तिच्या वहीत ‘पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात’ असे वाक्य आले. कन्नडमध्ये ते बिनचूक आहे, कारण तिथला परमाणु म्हणजे आपला अणू आणि तिथला अणु म्हणजे आपला रेणू. ते सुधारताना मीच अडलो. मीठ हे आयनिक संयुग, म्हणजे आयनांचे (विद्युतभारित कणांचे) बनलेले, हे ठीक. पण पाणी, साखर, अमोनिया यांच्या वर्गाला काय म्हणावे? मी ‘रेणवीय संयुगे’ लिहिले. एक शिक्षक स्नेही म्हणतात, असा शब्दच नाही, ‘सहसंयुज संयुगे’ लिहा.

टिळकवाडीच्या बाई:
दोन्ही शब्द हवेत, पण एकाच्या जागी दुसरा नको. ‘सहसंयुज’ हे बंधाचे नाव आहे, कारण त्यात दोन अणू इलेक्ट्रॉनांच्या जोडीत भागीदार असतात. ‘रेणवीय’ हे घटकाचे नाव आहे. वाळूतील सिलिका पाहा. तिच्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज बंध आहेत, पण ते जाळे कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असल्यामुळे सुटा रेणू सापडत नाही. ती सहसंयुज आहे, रेणवीय नाही. ‘मिठाचा रेणू’ म्हणणाऱ्या मुलांनाही मी दरवर्षी थांबवते. सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, एवढ्यावर मुले दोघांची जोडी लावून मोकळी होतात. स्फटिकात मात्र प्रत्येक सोडिअम आयनाभोवती 6 क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडिअम असतात, त्यामुळे कोण कोणाचा जोडीदार हे ठरतच नाही.

निपाणीकर:
बाईंचा भेद मान्य, पण ‘रेणवीय’ कानाला खटकते. संधी करायचाच तर ‘रेण्वीय’ होईल. ‘रेणुसूत्र’ आपण म्हणतोच, मग ‘रेणुसंयुग’ का नको? आपल्या शब्दांत बळ आहे. ‘आयन’ हासुद्धा मुळात आपलाच, ‘उत्तरायण’मधला ‘अयन’ आहे.

कणकुंबीकर:
तसे नव्हे, दादा. ‘आयन’ फॅरेडे यांनी 1834 मध्ये ग्रीकमधून घेतला आणि त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे, कारण विद्युतप्रवाहात ते कण विद्युत अग्राकडे (इलेक्ट्रोडकडे) जातात. ग्रीक क्रियापद आणि संस्कृतचा ‘इ’ हा धातू एकाच कुळातले आहेत, म्हणून ‘अयन’ त्याचा चुलत भाऊ ठरतो, बाप नव्हे.

चिकोडीकर:
‘धातू’ शब्द निघालाच आहे म्हणून लिहितो. माझे शिक्षण कन्नडमध्ये झाले. तिथे ‘धातु’ म्हणजे मूलद्रव्य आणि मराठीतल्या धातूला ‘लोह’ म्हणतात. लहानपणी ‘ऑक्सिजन हा धातू आहे’ असे मी मामांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला भरल्या घरात चुकीचा ठरवले. व्याकरणातला धातू आणि आयुर्वेदातले सप्तधातू पाहिले, तर ज्यापासून पुढचे घडते ते मूळ, हाच अर्थ निघतो. मग कन्नडने तो जपला असे म्हणायला काय हरकत आहे?

निपाणीकर:
हरकत वापराची आहे. ‘धातूचे भांडे’ म्हटल्यावर मराठी माणसाला तांबे-पितळच दिसते.

शहापूरकर:
भांड्यांवरून आठवले. आमच्या घरी कल्हईचा धंदा होता. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठे, मग कथिल फिरवत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात एकही धातू नाही, तरी ते आयनिक संयुग आहे. आणि अमोनियम आयनाच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. ‘धातू आणि अधातू मिळून आयनिक’ हे पाठांतर तिथे तुटते. बाई, चार हायड्रोजन धरून बसलेल्या त्या भारित गटाला रेणू म्हणायचे का?

टिळकवाडीच्या बाई:
नाही, त्याला ‘संयुक्त मूलक’ म्हणतात.

चिकोडीकर:
पण बाई, कन्नडमध्ये ‘संयुक्त’ म्हणजेच संयुग. त्या मुलीने टिपणांच्या आधाराने ‘संयुक्त मूलक’ वाचले, तर ती त्याला संयुगच समजेल.