मदत हवी आहे : प्रसिद्ध व्यक्तींचे मानसिक आजार, बातम्या आणि कलम 24

सांगलीतील आमच्या वाचनालयात तालुका वार्ताहरांसाठी तासाभराची चर्चा घ्यायची असून, प्रसिद्ध व्यक्तींच्या मानसिक आजाराच्या बातम्या कशा द्याव्यात, हा तिचा विषय आहे. 2015 मध्ये दीपिका पदुकोण यांनी स्वतःच्या नैराश्याविषयी सांगितले, तेव्हा कौतुक झाले. 2020 मध्ये सुशांत सिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर मात्र त्यांच्या उपचारांचे तपशील वाहिन्यांवर दिवसेंदिवस चघळले गेले, आणि ते मला आजही अस्वस्थ करते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मी मुळातून वाचला आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेत (म्हणजे मानसिक आजारांवरील रुग्णालयात वा केंद्रात) उपचार घेणाऱ्या व्यक्तीची छायाचित्रे वा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देऊ नये, असे कलम 24 सांगते. प्रेस कौन्सिलची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वेही पाहिली. त्यांचा भर मुख्यतः आत्महत्येच्या वार्तांकनावर आहे. चर्चेत सामान्य रुग्णांची उदाहरणे घेणार नाही, आणि साहित्य मराठीतच हवे.

कायद्याचे जाणकार वा अनुभवी पत्रकार यांनी कृपया सांगावे : दाखल न होता केवळ बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या कलावंताला हे संरक्षण मिळते का, आणि त्याने एकदा स्वतःहून आजार जाहीर केल्यावर पुढच्या प्रत्येक बातमीसाठी नवी संमती लागते का?